फांदीजवळचा हात

द्वारका गेल्याचा फोन आला तेव्हा बापूराव स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसून शिंजिराचे फोटो काढत होते.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सकाळचे साडेआठ वाजले होते. द्वारका चार दिवस दवाखान्यात होती. हृदयाचं दुखणं होतं, पण आदल्या संध्याकाळी ती उठून बसली, वाटीभर पेज प्यायली आणि तिनेच बापूरावांना घरी पिटाळलं.

"इथे बसून काय करणार आहात? ताटलीतलं पाणी आटलं असेल. पाखरं येऊन परत जातील. जा, पाणी घाला. आणि शिंजीर आला तर फोटो आणा मला दाखवायला."

लेक अपेक्षा रात्री तिच्याजवळ थांबली आणि बापूराव वाघोलीला घरी आले. सकाळी त्यांनी मातीची ताटली घासली, पाणी भरलं आणि कॅमेरा घेऊन बसले. शिंजीर आला. बोटाएवढा पक्षी, सावलीत काळा आणि उन्हात आला की जांभळा. जास्वंदीच्या फुलाला उलटा लटकून तो मध पीत होता. बापूरावांनी त्याचे बासष्ट फोटो काढले. एका बैठकीत एवढे त्यांनी कधी काढले नव्हते. तिला पलंगावर एकेक दाखवता येईल म्हणून काढत राहिले.

मग फोन वाजला.

"बाबा," अपेक्षा म्हणाली, आणि पुढे तिला बोलता येईना.

बापूरावांना कळलं. ते उठले, चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.

बापूराव पेशाने टर्नर. नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं लेथ चालवला. नवा जॉब लावला की आधी एक पीस काढायचा, तो मापायचा, सेटिंग बरोबर बसलंय की नाही ते बघायचं, आणि तो पहिला पीस स्क्रॅपच्या पेटीत टाकायचा. खरं काम त्याच्यापुढे सुरू व्हायचं. निवृत्त झाल्यावर अपेक्षाने स्वतःचा कॅमेरा त्यांना दिला, तेव्हा तोही ते याच पद्धतीने शिकले. दुसरी पद्धत त्यांना माहीत नव्हती.

वाघोलीला कोणी विचारत नव्हतं त्या काळात त्यांनी दीड गुंठा घेतला होता. दोन खोल्या आणि मागे अंगण. अंगणात शेवगा, कढीपत्ता, पपई आणि कुंपणाला लागून जास्वंदी. आता तिन्ही बाजूंना बारा-बारा मजले उठले होते आणि आजूबाजूची सगळी पाखरं याच तुकड्यावर उतरायची. स्वयंपाकघराच्या खिडकीला द्वारकेची जुनी हिरवी साडी आडवी बांधलेली होती, म्हणजे आतलं माणूस पाखरांना दिसू नये. साडीच्या मधोमध कॅमेऱ्याच्या भिंगाएवढं भोक होतं. ते तिनेच कात्रीने पाडलं होतं आणि कडेने टाके घातले होते, उसवायला नको म्हणून.

ताटलीजवळ शेवग्याची वाळकी फांदी तारेने बांधली होती. पाणी प्यायच्या आधी पाखरं तिच्यावर बसायची. पाखरू आल्यावर भिंग जुळवत बसलं तर ते उडून जायचं. म्हणून द्वारका आधी अंगणात जाऊन फांदीजवळ हात धरायची. बापूराव त्या हातावर भिंग जुळवायचे, उजेड बघायचे, एक-दोन फोटो काढून तपासायचे, मग हाक मारायचे, "झालं, ये आत." ती आत यायची आणि दहा मिनिटांत पाखरं यायची. हाताचा फोटो बापूराव तिथल्या तिथे पुसून टाकायचे. पहिला पीस.

नऊ वर्षं हे चाललं होतं. आजारपण, लग्नकार्य सोडलं तर रोज.

"अहो, हात अवघडला माझा," ती अंगणातून ओरडायची. "एवढ्या वेळात कारखान्यात चार पीस काढले असतील तुम्ही."

"हलू नकोस. बुलबुल बघ, फांदीवर बसून बडबड करत नाही."

"तो कशाला करील? त्याला तुमच्याशी संसार करायचा नाहीये."

तिने पाखरांना आपली नावं ठेवली होती. भारद्वाज हा 'साहेब', कारण तो सावकाश चालत येतो, प्रत्येक कुंडीत डोकावतो आणि काही न करता निघून जातो. सातभाई हे 'मीटिंगवाले'. पण वहीत मात्र ती खरीच नावं लिहायची. शंभर पानी वही, पट्टीने आखलेली, चार खाने. तारीख, पक्षी, पाहिला, फोटो. पाहिला की एक खूण, फोटो निघाला की दुसरी. सातवीपर्यंत शिकलेलं तिचं अक्षर गोल आणि मोठं होतं.

त्या वहीत एकाच पक्ष्यापुढे एकच खूण होती. नवरंग.

चार वर्षांपूर्वी मेअखेरीस बापूराव दळण आणायला गेले असताना तो आला. द्वारकेला तो कढीपत्त्याखालच्या वाळक्या पाल्यात दिसला. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, पोटाखाली लाल, डोळ्यावरून काळी पट्टी आणि शेपूट म्हणायला आखूडशी. तो चोचीने पानं उलटत किडे शोधत होता. जवळजवळ दहा मिनिटं होता. कॅमेरा स्टँडवर समोर होता, पण तिला तो चालवता येत नव्हता. बापूराव परत आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"तुम्हाला आजच पीठ संपलेलं दिसायचं होतं?" ती म्हणाली.

पुढे ती पुस्तकात वाचून घेऊ लागली. हा पक्षी पावसाच्या तोंडाशी दुरून येतो, जाता जाता एखाद्या बागेत थकून उतरतो, त्याला वाळका पाला लागतो. तेव्हापासून दर मे महिन्यात तिने कढीपत्त्याखालचा पाला झाडणं बंद केलं. शेजारच्या विमलाबाई कुंपणावरून विचारायच्या, "द्वारकाबाई, केरसुणी देऊ का आमची?" द्वारका म्हणायची, "नको, पाहुणे यायचेत." तीन मे असे गेले. पाहुणा आला नाही.

"एक फोटो हवा हो मला त्याचा," ती म्हणायची. "मग वही पूर्ण झाली."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला द्वारकेचा फोटो हवा होता. घरात शोधलं तेव्हा एकही धड निघाला नाही. कोणी तिच्यावर कॅमेरा धरला की ती म्हणायची, "माझं काय बघता, ते बघा तिकडे." शेवटी अपेक्षाच्या लग्नातल्या एका फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा केला. बाजूला कुणाचा तरी खांदा राहिला. चेहराही अर्धवट वळलेला होता, कारण त्या क्षणी ती कुणाला तरी ताट वाढायला सांगत होती. तो फोटो बुद्धमूर्तीशेजारी ठेवला. अपेक्षा त्याच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, घरात नऊ वर्षं कॅमेरा आहे. आईचा एक फोटो नाही?"



कार्यक्रमासाठी आलेल्या बायांनी घर, ओटा, अंगण सगळं लख्ख झाडून काढलं. कढीपत्त्याखालची जमीनही उघडी पडली. सहा पोती पाला निघाला, तो गाडीत गेला. बापूरावांना हे चार दिवसांनी दिसलं.

त्यांनी कॅमेऱ्याला हात लावणं सोडलं, पण सकाळी खिडकीशी बसायची सवय सुटली नाही. ताटलीत पाणी घालायचे, स्टुलावर बसायचे, भोकातून फांदीकडे बघायचे. बुलबुल यायचे, दयाळ यायचा, साहेब येऊन तपासणी करून जायचे. बापूरावांना सगळ्यात जास्त आठवायचा तो हात. अंगठ्यावर विळीची जुनी खूण, मनगटात दोन हिरव्या बांगड्या, कधी नखात कणीक. चेहरा आठवायला त्यांना डोळे मिटावे लागायचे. हात मात्र डोळे उघडे ठेवून दिसायचा, फांदीजवळ, नेमका जिथे धरलेला असायचा तिथे. असे हजारो फोटो आपण काढले, आणि हजारो आपल्याच अंगठ्याने पुसले, हे त्यांना एका सकाळी असंच बसल्या बसल्या कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अपेक्षा खराडीहून ऑफिस सुटल्यावर आली, तेव्हा त्यांनी तिला हे सांगितलं. कॅमेऱ्यातलं काही सांगावं तसं कोरडेपणाने सांगितलं. पण तिने हातातला कप खाली ठेवला.

"डिलीट केले म्हणजे लगेच जात नाहीत बाबा. कार्डवर असतात. नवीन फोटो काढला की तो जुन्याच्या जागेवर बसतो, तेव्हा खरा जातो. तुम्ही हल्ली काही काढलेत?"

"त्या दिवसानंतर नाही."

"मग शेवटच्या दोन-तीन महिन्यांतले निघू शकतात. सगळे नाही, पण काही. आमच्या ऑफिसजवळ समाधान म्हणून एक जण आहे, तो रिकव्हरीच करतो. शनिवारी जाऊ, तोपर्यंत ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज आहे. आणि बाबा, तोवर एकसुद्धा फोटो काढायचा नाही. प्लीज. एकसुद्धा नाही. कुठल्या फोटोच्या जागी जाऊन बसेल, सांगता येत नाही. तुमच्यासाठी नवीन कार्ड मागवते, तेही शनिवारपर्यंत येईल."

"कार्ड काढून ठेवू का?"

"ठेवा ना डबीत."

ती गेल्यावर बापूरावांनी कार्ड काढून बघितलं. नखाएवढी वस्तू. डबी शोधताना दोनदा ती वस्तू त्यांनी ओट्यावर ठेवली आणि दोनदा कुठे ठेवली ते विसरले. शेवटी त्यांनी ती परत कॅमेऱ्यात सारली. तिथून ती कुठे जाणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते मोकळी पोती घेऊन शेजारच्या सोसायटीत गेले. माळ्याने झाडलेला पाला कोपऱ्यात साठला होता. तो विचारून दोन पोती भरून आणला आणि कढीपत्त्याखाली पसरला. पायाने दाबून, परत विस्कटून, ती ठेवायची तसा. विमलाबाई कुंपणापाशी आल्या.

"बापूराव, लोक कचरा बाहेर नेतात."

"पाहुणे यायचेत," ते म्हणाले.

विमलाबाईंनी एकदा पाल्याकडे बघितलं आणि त्या आत गेल्या.

गुरुवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं. उकाडा होता, पान हलत नव्हतं. बापूराव पावणेसातला स्टुलावर बसले. कॅमेरा स्टँडवर, भिंग भोकात, टोपण लावलेलं. कढीपत्त्याखाली पाला हलला. उंदीर असेल असं त्यांना वाटलं. मग पाल्यातून नवरंग वर आला.

चार वर्षांत त्यांनी त्याच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की पहिल्यांदा बघतोय असं वाटेना. तो दोन उड्या मारायचा, थांबायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि एक पान उलटायचा. बारा-पंधरा फुटांवर. निळा तुकडा उघडझाप करत होता. बापूरावांनी श्वास रोखून टोपण काढलं आणि डोळा लावला. हात आपोआप चालले. नवरंग पाला सोडून ताटलीकडे आला, पाणी प्यायला आणि चढून फांदीवर बसला.

ते बटणावर बोट अर्धं दाबून होते. भिंग आपोआप जुळलं. जुळवायला काही लागलंच नाही, नऊ वर्षं जिथे जुळवलं होतं तीच ती जागा होती.

एक दाब पुरला असता.

मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. उठलं असतं तर पक्षी उडाला असता, आणि मोबाईलमध्ये एवढ्या लांबून नुसता ठिपका आला असता. त्यांच्याजवळ जे होतं ते हेच, हा कॅमेरा आणि त्यातलं हे एकच कार्ड. एक फोटो म्हणजे एक जागा. ती जागा पाखराच्या एखाद्या पुसलेल्या फोटोची असेल. किंवा वाचून राहिलेल्या एकुलत्या एका हाताची असेल. कोणाला माहीत.

द्वारका काय म्हणाली असती ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्याबद्दल त्यांच्या मनात जराही शंका नव्हती. तिचा आवाजही ऐकू आला. "अहो, दाबा की! हाताचं काय कौतुक? माझा हात काय, रोजचाच. हा परत येणार आहे का?"

आला नव्हता. चार वर्षं आला नव्हता. या पक्ष्यासाठी तिने शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली होती. ती असती तर या घडीला त्यांच्या पाठीशी उभी राहून खांद्याला टोचत असती.

बापूरावांनी बोट उचललं.

संसारात त्यांनी तिचं बरंच ऐकलं नव्हतं, पण ते नकळत, कामाच्या नादात. आज पहिल्यांदा तिला काय हवं ते पूर्ण ठाऊक असून त्यांनी ते केलं नाही. तिला पक्षी हवा होता. त्यांना ती हवी होती.

मग ते नुसते बघत राहिले. डोळा कॅमेऱ्यालाच लावून, कारण त्यातून तो जवळ दिसत होता. नवरंगाने चोच फांदीला दोन्ही बाजूंनी पुसली. अंग फुगवलं, परत बारीक केलं. एकदा तो थेट भोकाकडे, म्हणजे त्यांच्याकडेच बघत होता. मग पपईच्या मागे उतरला आणि कुंपणाखालून गेला. घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाली होती. बापूरावांनी भिंगाला टोपण लावलं. शर्टाची कॉलर घामाने भिजली होती.

त्या दिवशी आणि शुक्रवारी ते संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसले. तो परत आला नाही.

शनिवारी समाधानच्या दुकानात अपेक्षा आणि ते दोन तास बसून होते. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, तीन स्क्रीन आणि एक पंखा. समाधान तिशीचा, तोंडाने सतत काहीतरी चघळत काम करणारा. स्क्रीनवर छोटे छोटे चौकोन उमटू लागले. बरेचसे करडे, कोरे.

"काका, हे काय आहे?" तो म्हणाला. "मधून मधून नुसते हातच हात. माणूस एकात नाही. बांगड्यांची जाहिरात करत होतात का?"

"दादा, ती आई आहे माझी," अपेक्षा म्हणाली.

समाधान चघळायचा थांबला. "सॉरी," म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून परत कामाला लागला. आता जास्त सावकाश.

तेवीस फाईली निघाल्या. त्यातल्या सोळा पाखरांच्या आणि सात हाताच्या होत्या. पाचांत वरचा भाग होता आणि खाली करडा पट्टा, मनगटापाशी तुटलेला. एकात नुसत्या बांगड्या. एक पूर्ण होता.

"अजून असते," समाधान म्हणाला, "पण नंतर एका दिवशी यावर बासष्ट फोटो काढलेत. एप्रिलमध्ये. त्यांच्याखालचं गेलं ते गेलं."

"हो," बापूराव म्हणाले. "शिंजिराचे आहेत."

अपेक्षाने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला तारीख कळली होती.

जो पूर्ण निघाला, त्यात हात नेहमीसारखा फांदीजवळ स्थिर धरलेला नव्हता. पंजा उघडा, पाची बोटं पसरलेली, तळवा वर. किती वेळ हो, असं विचारणारा. त्या दिवशीचं बापूरावांना आठवलं. मार्चमधली सकाळ होती, उजेड जमत नव्हता, आणि ती हलली म्हणून ते तिच्यावर खेकसले होते. चिडून त्यांनी तो फोटो इतरांपेक्षाही लवकर पुसला होता.

"हा मोठा करून द्या," ते समाधानला म्हणाले.

"केवढा?"

बापूरावांनी आपला पंजा पुढे धरला. "हाताएवढा."

घरी येऊन त्यांनी तो फोटो बुद्धमूर्तीशेजारी, लग्नातल्या कापलेल्या फोटोजवळ ठेवला. अपेक्षा नवीन कार्ड कॅमेऱ्यात घालून देऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताटलीत पाणी घातलं, खिडकीशी बसले, आणि भिंग जुळवायला फांदीजवळ काही नव्हतं तरी जुळवलं. बुलबुलाचे दोन फोटो काढले. बरे आले.

मग त्यांनी द्वारकेची वही काढली. शेवटची ओळ तिच्या अक्षरातली होती, एप्रिलच्या तीन तारखेची, दयाळ, दोन्ही खुणा. तिच्याखाली त्यांनी गुरुवारची तारीख घातली. पुढे लिहिलं, नवरंग. त्यांचं अक्षर तिच्यापेक्षा वाईट होतं, ओळ तिरकी गेली. 'पाहिला' खाली खूण केली.

आता जून लागला आहे. कढीपत्त्याखालचा पाला त्यांनी झाडलेला नाही. नवरंगाचा फोटो काढायचा राहिला आहे.